भिंतीतली तार: घरातल्या नेटवर्कचा दीडशे वर्षांचा प्रवास



आजच्या भागाची सुरुवात एका छोट्या कामाने करू. घरात राउटरला जोडलेली नेटवर्कची वायर असेल तर तिचं टोक हातात घ्या. पारदर्शक प्लास्टिकचा प्लग असतो, त्यातून आठ बारीक तारा दिसतात. प्लगची दाबायची कळ खालच्या बाजूला ठेवा, सोनेरी पिना वर ठेवा आणि डावीकडून वाचत जा. बहुतेक ठिकाणी क्रम असा दिसेल: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

नारिंगीची जोडी शेजारी शेजारी आहे. तपकिरीची आहे. निळीचीही आहे. मग हिरवीनंच काय घोडं मारलं? तिच्या दोन तारांची ताटातूट करून मधे निळी जोडी कुणी घुसवली, आणि का?

वायरमनला विचारलं तर तो म्हणेल, "साहेब, असाच क्रम असतो." त्याचं चूक नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. पण या क्रमामागे मोठा इतिहास आहे. त्यात टेलिफोन आहे, हवाई बेटं आहेत, अमेरिकेतला एक प्रचंड खटला आहे आणि घराच्या भिंतीतल्या तारेचा मालक कोण, हा प्रश्नही आहे. तो प्रश्न आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्यांमध्ये अजून मिटलेला नाही. हिरव्या जोडीचं उत्तर वाटेत मिळेल.

विजेच्या आधीची तार

भिंतीतून तार नेण्याची कल्पना विजेपेक्षा जुनी आहे. इंग्लंडातल्या मोठ्या घरांमध्ये नोकराला बोलावण्यासाठी घंटा असायची. दिवाणखान्यात दोरी किंवा मूठ ओढली की भिंतीत आणि छतात लपवलेल्या धातूच्या तारा, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या बिजागऱ्यांच्या आधाराने, ती ओढ थेट खालच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवायच्या. तिथे ओळीने टांगलेल्या घंटांपैकी एक वाजायची. कोणती घंटा हलली त्यावरून कोणत्या खोलीतून हाक आली हे कळायचं. खोलीगणिक वेगळी तार आणि सगळ्या तारा एका जागी गोळा झालेल्या, ही रचना लक्षात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

मग वीज आली. अमेरिकेत १८८० च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं घरांमध्ये चिनी मातीच्या खुंट्या आणि नळ्या वापरून वायरिंग व्हायचं. लाकडी तुळईला खुंटी ठोकायची, तिच्यावरून तार न्यायची. तार लाकडातून आरपार न्यायची असेल तिथे भोकात चिनी मातीची नळी बसवायची. तिथल्या घरांच्या भिंती लाकडी सांगाड्याच्या, आतून पोकळ. त्या पोकळीतून तार नेणं सोपं होतं.

आपल्याकडे तसं नव्हतं. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगचं जलविद्युत केंद्र १८९७ साली सुरू झालं, आणि त्यानंतर हळूहळू शहरांमध्ये दिवे आले. पण आपल्या भिंती दगडाच्या, विटांच्या, मातीच्या. भरीव. त्यांच्या आत पोकळी नाही. म्हणून आपल्याकडे तार बराच काळ भिंतीवरूनच फिरली. आधी लाकडी केसिंग-कॅपिंग, म्हणजे खोबणीची पट्टी आणि वर झाकणाची पट्टी. नंतर सागवानी बॅटनपट्टीवर धातूच्या छोट्या क्लिपांनी आवळलेली वायर. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, पुणे, बेळगाव, कुठल्याही जुन्या घरात छताच्या कडेकडेने धावणारी ती पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर चुना आणि रंगाचे इतके थर चढलेले असतात की ती भिंतीचाच भाग वाटते. दिसायला ती काही सुंदर नव्हती, पण तिचा एक गुण होता: बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं.

पीळ कुणी घातला?

टेलिफोन भारतात लवकर आला. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. अलेक्झांडर ग्रॅहम बेलला पेटंट मिळाल्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.

सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असायची. परतीचा रस्ता म्हणून जमीन वापरायची, जशी तारयंत्राला वापरत. तारयंत्राच्या कडकट्टला ते चालून गेलं. माणसाच्या आवाजाला चाललं नाही. शेजारून दुसरी तार गेली की तिच्यातलं बोलणं ऐकू यायचं. पुढे विजेचे दिवे आणि ट्राम आल्यावर तर कानात नुसता खरखराट.

यावर बेलनेच १८८१ साली पेटंट घेतलेला उपाय म्हणजे दोन तारा आणि त्यांना एकमेकींभोवती पीळ. हा पीळ नेमकं काय करतो? तराजू डोळ्यासमोर आणा. दोन्ही पारड्यांत सारखंच वजन टाकलं तर काटा हलत नाही. इथे तेच घडतं. संदेश दोन तारांमधल्या फरकाच्या रूपात जातो, आणि पलीकडचं यंत्र तो फरकच वाचतं. बाहेरून आलेला विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडला तर फरक बदलत नाही, संदेश शाबूत राहतो. पण गोंगाट सारखा पडायचा तर दोन्ही तारा गोंगाटाच्या उगमापासून सारख्याच अंतरावर हव्यात. पीळ घातला की कधी ही तार जवळ, कधी ती जवळ, आणि सरासरी सारखी.

आजच्या नेटवर्क केबलमध्ये अशा चार जोड्या असतात, आणि चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या घट्टपणाचा असतो. सारखा ठेवला तर शेजारच्या जोड्या एकमेकींत बोलू लागतात. केबल सोलून पाहिलीत तर हे साध्या डोळ्यांनी दिसेल. दीडशे वर्षांत बाकी सगळं बदललं, हा पीळ राहिला.

हवेतून तारेत

आता आपण संगणकाकडे वळू, आणि त्यासाठी प्रशांत महासागरात जावं लागेल. हवाई विद्यापीठाची केंद्रं वेगवेगळ्या बेटांवर. त्यांचे संगणक जोडायला नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओवर चालणारं अलोहानेट उभं केलं. तत्त्व साधं होतं: सगळ्यांना एकच वाहिनी, ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं. दोघे एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर थोडं थांबून पुन्हा बोलावं.

कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ हा तरुण अभियंता या तत्त्वाचा अभ्यास करत होता. २२ मे १९७३ रोजी त्याने एक टिपण लिहिलं. तीच वाहिनी हवेऐवजी केबलमधून न्यायची, आणि बोलण्याआधी कान देऊन ऐकायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं. या व्यवस्थेला त्याने नाव दिलं इथरनेट. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ती प्रत्यक्षात आणली. पहिला वेग होता सेकंदाला सुमारे २.९४ मेगाबिट.

म्हणजे आज ज्या तारेला आपण वाय-फायची प्रतिस्पर्धी समजतो, तिची मूळ कल्पना बिनतारीच होती.

१९८३ मध्ये इथरनेटचं अधिकृत मानक झालं. त्यातली केबल जाड, ताठ, बहुधा पिवळी. तिचा एक सलग तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटर. संगणक जोडायचा तर केबलच्या अंगात सुईसारखा दात असलेला चिमटा रुतवायचा. त्याला तिथले लोक गमतीने रक्तपिपासू म्हणायचे. ही केबल वळायला तयार नसायची. ती छताच्या वरून किंवा फरशीखालून न्यायची वस्तू होती, घराच्या भिंतीची नव्हे.

मग बारीक आणि स्वस्त को-ॲक्स केबल आली, टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी. तिची मर्यादा १८५ मीटर. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्यावर, अशी ती फिरायची आणि दोन्ही टोकांना बूच लावायचं. तिची खोड मात्र दिवाळीच्या जुन्या लायटिंगच्या माळेसारखी होती: एक दिवा गेला की सगळी माळ काळोखात. कुणाचा पाय लागून एक जोड सुटला, की त्या केबलवरची सगळी यंत्रं मुकी. दोष नेमका कुठे आहे हे शोधायला माणूस टेबलाखाली रांगत फिरायचा.

भिंतीत आधीच एक तार होती

इथे कहाणी खऱ्या अर्थाने भिंतीत शिरते. अमेरिकेतल्या प्रत्येक कचेरीत भिंतीतून एक तार आधीच गेलेली होती: टेलिफोनची. पीळ घातलेली, टेबलागणिक वेगळी, आणि सगळ्या एका छोट्या खोलीत गोळा झालेल्या. इंग्लंडातल्या घंटांची आठवण झाली ना?

पण ही तार कुणाची? कित्येक दशकं उत्तर स्पष्ट होतं: टेलिफोन कंपनीची. बेल कंपनीच्या, म्हणजे एटी अँड टीच्या, जाळ्यात तार कंपनीची, जोड कंपनीचा, टेबलावरचं यंत्रही कंपनीचं. ग्राहकाने त्याला परकी वस्तू जोडायची नाही. टेक्सासमधल्या थॉमस कार्टर या उद्योजकाने रेडिओ-संच आणि टेलिफोन एकमेकांशी जोडणारं यंत्र विकायला काढलं, तेव्हा कंपनीने हरकत घेतली. प्रकरण तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे गेलं आणि १९६८ मध्ये निकाल कार्टरच्या बाजूने लागला. जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहक आपलं यंत्र जोडू शकतो.

दरवाजा किलकिला झाला. पुढे सरकारने मक्तेदारीविरुद्ध चालवलेल्या खटल्यामुळे १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचं विभाजन झालं. इमारतीतल्या तारांची जबाबदारी आता कुणाची, हा प्रश्न रातोरात मालकांच्या गळ्यात पडला. १९८७ च्या सुरुवातीपासून घरातली तार बसवणं आणि दुरुस्त करणं हे कंपनीच्या नियंत्रित दरांच्या बाहेर काढलं गेलं. सोप्या शब्दांत, उंबरठ्याच्या आतली तार घरमालकाच्या अखत्यारीत आली.

नेमक्या याच वर्षांत संगणक कंपन्यांची भिंतीसाठी स्पर्धा चालली होती. आयबीएमने १९८४ मध्ये स्वतःची केबल पद्धत जाहीर केली. त्यातली मुख्य केबल पीळ घातलेलीच, पण धातूचं कवच असलेली, जाड आणि महाग. त्यावर त्यांचं टोकन रिंग हे जाळं चालायचं. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तम होतं. अट एकच: भिंतीतून नवी केबल घाला.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत होते, भिंतीत आहे तीच तार वापरा. आधी स्टारलॅन आलं, साध्या टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला १ मेगाबिट. मग झेरॉक्समधूनच बाहेर पडलेल्या मंडळींच्या सिनऑप्टिक्स या कंपनीने १९८७ च्या सुमारास त्याच साध्या तारेवरून पूर्ण १० मेगाबिट नेऊन दाखवले. माळेची रचना गेली. मधे एक पेटी, आणि तिच्यापासून प्रत्येक टेबलाला स्वतंत्र तार. एक तार तुटली तर एकच यंत्र बंद, बाकीची सुखरूप.

१९९० मध्ये त्याचं अधिकृत मानक झालं. त्यातली मर्यादा होती १०० मीटर. टेलिफोनच्या खोलीपासून कचेरीतली बहुतेक टेबलं तेवढ्या अंतरात येत, म्हणून ती पुरेशी होती. १९९१ च्या जुलैमध्ये इमारतीतल्या तारांसाठी अमेरिकी उद्योगसंघटनांनी ५६८ क्रमांकाचं मानक प्रसिद्ध केलं. कुठल्याही एका कंपनीचं नसलेलं, सगळ्यांना खुलं. टोकन रिंग आणखी काही वर्षं तगलं आणि मागे पडलं. इथरनेटच्या विजयाची कारणं अनेक आहेत, स्वस्ताई आहे, खुलं मानक आहे. पण भिंत न फोडता काम होतं, हे कारण माझ्या मते त्यात वरचं आहे.

हिरवीची ताटातूट

आता कोडं सोडवू.

अमेरिकी टेलिफोनच्या प्लगमध्ये लाइन नेहमी मधल्या दोन पिनांवर असते. दुसरी लाइन असली तर ती त्यांच्या बाहेरच्या दोन पिनांवर, म्हणजे पहिलीला मधे घेऊन. तिसरी त्याच्याही बाहेर. कांद्याच्या पाकळ्यांसारखी ही रचना. फायदा असा, की लहान प्लग मोठ्या खाचेत घातला तरी मधला भाग जुळतो आणि फोन चालतो.

आठ पिनांच्या खाचेत मधल्या पिना म्हणजे चौथी आणि पाचवी. तिथे निळी जोडी. टेलिफोनच्या रंगक्रमात पहिला मान निळीचाच. त्यांच्या बाहेर तिसरी आणि सहावी: तिथे दुसरी जोडी. आजच्या प्रचलित क्रमात ती हिरवी आहे. म्हणूनच तिच्या दोन तारा निळीच्या दोन्ही बाजूंना उभ्या आहेत.

मग पुढच्या दोन जोड्याही अशाच बाहेर बाहेर का नाहीत? कारण पहिली आणि आठवी पिन एकमेकींपासून फार लांब पडतात. वेगवान संदेशासाठी जोडीतल्या तारा जवळ हव्यात. म्हणून उरलेल्या दोन जोड्या दोन टोकांना शेजारी शेजारी बसवल्या. इथरनेटने पहिली-दुसरी आणि तिसरी-सहावी या पिना घेतल्या आणि मधली निळी जोडी टेलिफोनसाठी मोकळी सोडली.

या क्रमाची दोन रूपं आहेत, अ आणि ब. फरक एवढाच, की नारिंगी आणि हिरवी यांच्या जागा उलट होतात. ब हे रूप एटी अँड टीच्या जुन्या पद्धतीवरून आलं. दोन्ही चालतात, मात्र तारेच्या दोन्ही टोकांना एकच हवं. १९९९ मध्ये सेकंदाला १००० मेगाबिटचं मानक आलं, ते चारही जोड्या वापरतं. टेलिफोनसाठी राखलेली जागा तेव्हाच संपली. पण क्रम तसाच राहिला. फोन निघून गेला तरी त्याच्या खुर्चीभोवती बाकीचे अजून तसेच बसले आहेत.

आपल्याकडे तार खिडकीतून आली

भारतात घराच्या आतलं जाळं वेगळ्या वाटेने आलं. टेलिफोन मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे भिंतीत आधीच बसलेली तार फार थोड्या घरांत होती. लाइनमन यायचा, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून तार आत घ्यायचा आणि दाराच्या चौकटीवरून खिळ्यांनी ठोकत फोनपर्यंत न्यायचा.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल टीव्ही पसरला. गच्चीवरून काळी केबल लोंबत खाली आली आणि खिडकीच्या गजातून आत शिरली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्याच तारेवर. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान पातळी ठरवली. त्या काळात अनेक शहरांत केबलवाल्यांनीच इंटरनेट द्यायला सुरुवात केली. गच्चीवर पत्र्याच्या पेटीत स्विच, तिथून निळी किंवा करडी नेटवर्क केबल इमारतीच्या बाहेरून खाली. कचेरीच्या आत वापरायला बनलेली केबल आपल्याकडे उन्हापावसात लोंबकळली. पावसाळ्यात वीज कडाडली की कुणाचा तरी स्विच जळायचा.

बाहेरून आलेली ही तार आत आल्यावर कुठे जाणार? भिंत भरीव. कटर आणि छिन्नी-हातोड्याने चर पाडायचा, पाइप बसवायचा, सिमेंटने बुजवायचा, पुन्हा रंग. राहत्या घरात हे कोण करणार? म्हणून राउटर दाराशीच राहिला. आणि मग विटांच्या आणि सळईच्या काँक्रीटच्या भिंतींनी वाय-फायला अडवलं. लाकडी सांगाड्याच्या घरात चार खोल्या ओलांडणारा संकेत आपल्याकडे दुसऱ्या भिंतीशीच दमतो.

मात्र याच भरीव भिंतीने आपल्याला एक चांगली सवय लावली. भिंत पोकळ नसल्यामुळे कन्सील्ड वायरिंग करायचं तर पाइप टाकावाच लागतो. स्लॅब ओतण्याआधी वायरमन सळयांमध्ये पाइप बांधतो, भिंतीत पाइप उतरवतो, आणि वायर नंतर ओढतो. अमेरिकेत बहुतेक घरांमध्ये केबल थेट लाकडाला क्लिपांनी ठोकलेली असते. ती ओढून काढता येत नाही. शिकागोसारखं शहर अपवाद, तिथे घरातल्या विजेच्या तारांसाठीही धातूचा पाइप सक्तीचा आहे. पाइपातली तार बदलता येते, प्लास्टरमध्ये चिणलेली तार कायमची अडकते.

सोसायटीतला जुना प्रश्न

कार्टरचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या वेशात आला. नवीन वसाहतीत बिल्डर एकाच इंटरनेट कंपनीशी करार करतो. शाफ्टमधले पाइप तिच्या ताब्यात. दुसऱ्या कंपनीला केबल आणायला वाट नाही. फ्लॅट तुमचा, भिंत तुमची, पण भिंतीपर्यंत येणारा मार्ग तिसऱ्याचाच.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०१७ मध्ये याबद्दल शिफारशी केल्या. इमारतीतल्या सोयी सगळ्या सेवादात्यांना भेदभाव न करता मिळाव्यात, अशी त्यांची दिशा होती. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत माहिती आणि संपर्क सुविधांसाठी स्वतंत्र विभाग आला. २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम केले. पाणी, वीज, लिफ्ट यांच्या जोडीला भिंतीतली ही वाटही आता इमारतीचा गुण म्हणून मोजली जाऊ लागली आहे. पण नियम कागदावर असतो आणि शाफ्टची किल्ली कुणाकडे तरी असते. फ्लॅट घेताना टाइल्सचा रंग आपण तासभर पाहतो. किती कंपन्यांची केबल वर येऊ शकते, हेही त्याच वेळी विचारायला हवं.

इतिहास बांधणाऱ्याला काय सांगतो

घर बांधत असाल किंवा फोडून नवं करत असाल, तर या दीडशे वर्षांतून काही गोष्टी सरळ हाती लागतात.

पहिली, तारेपेक्षा पाइपावर खर्च करा. भिंतीचं आयुष्य पन्नास वर्षं धरलं, तर तेवढ्या काळात तार तीन-चार पिढ्या बदलेल. को-ॲक्स गेली, टेलिफोनची तार गेली, उद्या आणखी काही जाईल. प्रत्येक खोलीपर्यंत मोकळा पाइप आणि त्यात ओढायची तार सोडून ठेवली तर उद्याचं फायबरही त्यातून जाईल. कात्रजहून पुण्यात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळाला वाटेत उच्छ्वास ठेवले होते. जमिनीखालच्या वाटेला मधे मधे तोंड हवं, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. भिंतीतल्या पाइपालाही वळणावळणावर उघडता येईल असा बॉक्स हवा.

दुसरी, घंटांची रचना. सगळ्या खोल्यांच्या तारा एका जागी गोळा करा, आणि तिथे विजेचा एक पॉइंट द्या. एका खोलीतून दुसरीत, तिथून तिसरीत अशी माळ करू नका.

तिसरी, विजेच्या पाइपात ही तार कधीही घालू नका. गोंगाट हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे इन्सुलेशन फाटलं तर २३० व्होल्ट थेट तुमच्या हातातल्या यंत्रात येतील. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर अंतर ठेवा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

चौथी, पिळाचा मान ठेवा. टोक बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. केबल तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये. आणि जोर लावून ओढू नये, साधारण ११ किलोच्या वर ताण गेला की आतला पीळ बिघडतो. पाइप ठासून भरू नका, ते यासाठीच.

पाचवी, तांबं तांबंच घ्या. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल मिळते. इमारतीच्या वायरिंगची मानकं ती मान्य करत नाहीत. १९६० च्या दशकात तांबं महाग झालं म्हणून अमेरिकेत अनेक घरांना ॲल्युमिनियमच्या विजेच्या तारा घातल्या गेल्या, आणि पुढे त्यांचे जोड तापून आगी लागल्या. नेटवर्क केबल विजेची नाही म्हणून चालेल, असं म्हणू नका. २००३ पासून याच केबलमधून वीजही देण्याचं मानक आहे. सुरुवातीला १५ वॉट, आणि २०१८ च्या मानकात ९० वॉटपर्यंत. कॅमेरे, छतावरचे वाय-फायचे संच यावरच चालतात. गंमत अशी, की या व्यवस्थेतला दाब सुमारे ४८ व्होल्ट असतो. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून मिळायचा तेवढाच.

शेवटी वाय-फायबद्दल. "सगळं बिनतारी झालं, आता भिंतीत तार कशाला?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. वाय-फायचं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातोय. पण वाय-फायचा संच शेवटी तारेच्याच टोकाला बसतो. आपल्या जाड भिंतींच्या घरात चांगलं वाय-फाय हवं, तर खोल्यांमध्ये संच हवेत, आणि त्यांना भिंतीतून आलेली तार हवी. हवेतून तारेत उतरलेली ती हवाई बेटांवरची कल्पना पुन्हा हवेत गेली आहे, तार मात्र सोबत घेऊन.

तेव्हा गवंडी प्लास्टर करायला येईल त्याच्या आदल्या दिवशी साइटवर एक फेरी मारा. उघड्या पाइपांचे फोनवर फोटो काढा, जवळ टेप धरून माप दिसेल असे, आणि जपून ठेवा. पाच-दहा वर्षांनी भिंतीला खिळा ठोकताना किंवा नवी केबल ओढताना, तुम्हाला किंवा त्या घरात नंतर येणाऱ्याला, ते उपयोगी पडतील.

तुमच्या गावात, तुमच्या जुन्या घरात बॅटनपट्टीचं वायरिंग अजून शाबूत असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.